डब्ब्यांच्या मागून

ट्रकमधून खाली येणाऱ्या स्पीकरच्या डब्ब्याला हिरालालने हात लावला, तसा वर उभ्या असलेल्या पोराने हातमोज्यातली बोटं हलवून त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

"चाचा, हटिए. गिरा तो लग जाएगा."

हिरालाल हटला. आयुष्यभर त्याने असे डब्बे खांद्यावर वाहिले होते. लग्नात, जयंतीत, गणपतीत, निवडणुकीत. त्याचे डब्बे म्हणजे लाकडी कपाटं, कोपरे पत्र्याने मढवलेले. नागपूरहून आलेले हे डब्बे चपटे होते आणि ते एकाखाली एक साखळीला अडकवून उंच टांगायचे होते. दोन पोरं खालून रिमोट दाबत होती आणि डब्ब्यांची माळ आपोआप वर चढत होती. हिरालालने मान वर करून ती थोडा वेळ पाहिली. मग तो आपल्या जागी, मैदानाच्या कडेला असलेल्या जनरेटरपाशी जाऊन बसला.

जनरेटर मात्र यंदाही त्याचाच होता.

पंधरवड्यापूर्वी पवनने त्याला हे सांगितलं तेव्हा तो जेवत होता. शेजारच्या शेवंताबाईने आणून दिलेली भाजी अळणी होती आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. पवनने एक घास खाल्ला, उठून मिठाचा डबा आणला, दोघांच्या ताटात मीठ वाढलं आणि खाली बघत म्हणाला,

"बाबा, या साली मेळ्याचं साउंड नागपूरवाल्याचं आहे."

"हौ."

"बाहेरचे बँड त्याच्याशिवाय येतच नाही म्हनतात. तुमी जनरेटर सांभाळून घ्या."

"हौ."

"तुमाले वाईट वाटलं असन तं सांगा."

हिरालालने भात कालवला. वाईट वाटलं का, हे त्याने मनात शोधून पाहिलं. तिथे काही सापडलं नाही. त्याच्या बायकोला, तुळसाबाईला, जाऊन चौथं वर्ष लागलं होतं. तेव्हापासून असंच चाललं होतं. काही झालं की तो आत जाऊन बघायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा.

"वाईट काहून वाटन?" तो म्हणाला. "भात घे आनखी."

पवनला भात नको होता. तो ताटावर तसाच बसून राहिला, काहीतरी बोलायचं असल्यासारखा. मग उठून हात धुवायला गेला.

*

या मेळ्याची सुरुवात हिरालालच्याच डब्ब्यांवर झाली होती, हे बालाघाटमधली जुनी पोरं अजून सांगतात.

तेव्हा पवन कॉलेजात होता. एप्रिलमध्ये वॉर्डातल्या चौकात जयंतीचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी सामान न्यायला टेम्पो आलाच नाही, बिरसाच्या घाटात त्याच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. हिरालाल टेम्पोच्या मागे गेला आणि डब्बे चौकातच राहिले. दुपारी पवनचा मित्र रजत, राईस मिलवाल्यांचा मुलगा, गिटार घेऊन आला. पोरांनी ती मिक्सरला जोडली, आवाजाची बटणं जिथवर फिरतात तिथवर फिरवली, आणि पवनने माइकमध्ये तोंड घालून अशी आरोळी ठोकली की चौकातली कुत्री पार कालव्यापर्यंत पळाली. शेवंताबाई हातातलं सूप तसंच घेऊन धावत आली होती. कोणाच्या घरी काय झालं, असं ती सगळ्यांना विचारत सुटली. पोरांनी सांगितलं, काही नाही झालं आजी, गाणं आहे. तेव्हा ती म्हणाली, "गानं आहे तं तुमच्या मायबापाले सांगून तं म्हना. मानसाचा जीव जाते."

संध्याकाळी हिरालाल परत आला तेव्हा चौकात पाचपन्नास पोरं उभी होती आणि मान खालीवर हलवत होती. त्याने एका डब्ब्यावर हात ठेवला. लाकूड तापलं होतं. आता हा पोरगा आपला एखादा डब्बा फाडणार, असं त्याला वाटलं. घरी गेल्यावर त्याने तुळसाबाईला विचारलं, याला झालं तरी काय. ती भाकरी थापत होती.

"ओरडू द्या," ती म्हणाली. "घरात तं बोलत नाही. तिथं तरी ओरडते."

पुढच्या वर्षी कार्यक्रम रजतच्या राईस मिलच्या अंगणात झाला. धान वाळवायच्या सिमेंटच्या फरशीवर पोरं नाचली आणि दुसऱ्या दिवशी रजतच्या वडिलांना धानात बूट-चपला सापडल्या. मग भिलाईचा एक बँड आला, मग नागपूरचे दोन. भरवेलीच्या खाणीतल्या कामगारांची पोरं आली. तिरोडीची पोरं रेल्वेने आली. ज्या जिल्ह्यातून मँगनीज निघतं तिथल्या 'मेटल' संगीताला आणखी कुठलं नाव द्यायचं, असं म्हणून रजतने 'मँगनीज मेळा' असं पोस्टर काढलं आणि तेच नाव पडलं. कोरोनात दोन वर्षं काही झालं नाही. त्यानंतर मेळा उन्हाळ्यातून हिवाळ्यात सरकला आणि गावाबाहेर गोंदिया रोडवरच्या या शेतात आला, धानाची कापणी झाल्यावर. आता इथे जबलपूरची, रायपूरची, पुण्याची पोरं तंबू ठोकून राहत होती. काळे टीशर्ट घातलेल्या पोरांच्या रांगा मुरमुरे-भज्यांच्या गाड्यांपुढे लागायच्या आणि परसवाड्याकडून आलेल्या बाया त्यांना न घाबरता बोरं विकायच्या.

या सगळ्या वर्षांत साउंड हिरालालचंच होतं. तो लग्नात बसतो तसाच इथेही बसायचा. स्टेजच्या बाजूला, डब्ब्यांच्या मागे, मिक्सरवर वाकून, दोन्ही कानांत कापूस घालून. पोरं काय म्हणतात याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. लाल दिवा लागला की बटण खाली घ्यायचं, डब्ब्यांतून शिट्टी वाजली की माइक फिरवायला सांगायचा. गाणी त्याने आपल्या सोयीने ओळखून ठेवली होती. एक धावणारं, एक ज्यात फ्यूज जायचा, आणि एक हळू सुरू होऊन मग अंगावर येणारं. हे हळूवालं गेल्या तीन मेळ्यांपासूनचं होतं. ते लागलं की समोरचा जमाव एकदम शांत व्हायचा आणि मग सगळे मिळून काहीतरी म्हणायचे. डब्ब्यांच्या मागे त्याचा नुसता घुमारा यायचा.

*

उन्हं कलली. पहिले दोन बँड वाजवून गेले होते. हिरालालने जनरेटरचं तेल बघितलं, झाकण लावलं आणि उठताना आधारासाठी हात टेकला तो धुराच्या नळकांड्यावर. हात उचलायला त्याला अंमळ उशीर झाला. तळवा लाल झाला होता. त्याने तो पँटला पुसला.

"काका, भाजलं का?"

नागपूरच्या साउंडवाल्यांबरोबर आलेली मुलगी चहाचे दोन कागदी कप घेऊन उभी होती. तिचं नाव श्रुतिका. मैदानाच्या मध्यावर लोखंडी कठड्यात मोठा मिक्सर ठेवला होता, तो हीच चालवत होती. सकाळी तिने येऊन स्वतःची ओळख सांगितली होती आणि विजेबद्दल दोन प्रश्न विचारले होते. त्यांची उत्तरं तिने नीट ऐकून घेतली होती.

"नाही भाजलं," हिरालाल म्हणाला.

"पवनदादाचा बँड आता लागतोय. तुम्ही इथेच बसणार?"

"मी इथंच रायतो. लोड वाढला तं पाहा लागते."

"आमचा मुलगा बघेल लोड. इथे मागं काही ऐकू येत नाही. चला."

तिने चहाचा कप त्याच्या न भाजलेल्या हातात दिला आणि ती चालू लागली. बोलावणाऱ्याला नाही म्हणण्याइतकीही इच्छा हिरालालला होत नसे. तो तिच्या मागे निघाला. कापलेल्या धानाची खुंटं पायाखाली मोडत होती. काळ्या टीशर्टातली पोरं बाजूला होऊन वाट देत होती. त्यातल्या काहींनी त्याला ओळखलं. एकाने वाकून पायाला हात लावला. "पवन भैया के पापा हैं," असं कोणीतरी कोणाला तरी म्हणालं आणि ते दोघंही त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले.

कठड्याच्या आत उभं राहून त्याने पहिल्यांदा स्टेज समोरून पाहिलं. ते लहान दिसत होतं. रजत गिटारचा पट्टा खांद्यावर ओढत होता. पवन माइकपाशी पाठमोरा उभा होता. त्याने केस वाढवले होते हे हिरालालला माहीत होतं, पण ते त्याच्या आईच्या केसांसारखे कुरळे आहेत हे आत्ता दिसलं.

हिरालालने सवयीने खिशातून कापूस काढला. श्रुतिकाने मान हलवली.

"आज नको. कान दुखणार नाहीत, मी बघते."

पहिली दोन गाणी वेगात गेली. छातीत हादरे बसत होते, पण त्या हादऱ्यांमधूनही प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येत होतं. असं आपल्या डब्ब्यांवर कधी ऐकू आलं नव्हतं, हे हिरालालला कबूल करावं लागलं. ते त्याने चटकन कबूल केलं आणि त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

मग दिवे मंद झाले. रजतने एकच तार हळूहळू छेडायला सुरुवात केली. हे ते हळूवालं, हिरालालने ओळखलं. श्रुतिकाने मिक्सरवरची एक पट्टी बोटाने वर सरकवली.

"हे तुमच्या घरचं गाणं ना काका," ती समोर बघतच म्हणाली. "दादाने एवढंच सांगितलं होतं मला. यातला शब्द न् शब्द कळला पाहिजे म्हणून."

पवन ओरडला नाही. माइक तोंडाशी धरून तो बोलल्यासारखं गाऊ लागला. आणि तो घरच्या बोलीत गात होता.

*दुपारची आली गाडी, मायले झोपवलं आडी*
*म्हनलं गोंदिया जवळच आहे, मी बोलत राह्यलो*

हिरालालने तोंडाशी नेलेला चहा खाली घेतला.

तुळसाबाई गेली तो दिवस मे महिन्यातला होता. हिरालाल परसवाड्याच्या पलीकडे जंगलातल्या एका गावी लग्नाच्या कामावर गेला होता. तिथे फोन लागत नव्हता. दुपारी तिच्या छातीत कळ आली आणि पवन तिला अँब्युलन्समधून एकटाच गोंदियाला घेऊन निघाला. हिरालालला निरोप मिळाला तेव्हा दिवस मावळत होता. डब्ब्यांनी भरलेला टेम्पो तसाच हाकत तो गोंदियाला पोचला, तर पवन दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसलेला होता. त्याने सांगितलं, भरती केलं होतं, सलाईन लावली होती, मग झोपेतच गेली. त्रास नाही झाला. हिरालालने विचारलं होतं, माझं काही विचारलं का तिने. पवन म्हणाला होता, हौ, तुमचंच विचारत होती. बापाला बरं वाटावं म्हणून पोरगा म्हणतोय, असं हिरालालने तेव्हाच धरून टाकलं होतं. त्यानंतर दोघांनीही तो विषय काढला नव्हता.

*आभाळ भरून आलं, तिनं काचेतून पाह्यलं*
*म्हने त्यायचे डब्बे भिजतीन रे, कोनी झाकलं का नाही*

आता ढोल लागले. जमाव पुढे सरकला. हिरालालने कठडा धरला.

*राजेगावचा पूल याच्या आधीच हात थंडा झाला*
*डायवरले नाही सांगतलं, मी बोलत राह्यलो*

आणि इथे शेतातली ती सगळी पोरं, रायपूरची, पुण्याची, भिलाईची, ज्यांच्यातल्या कित्येकांनी राजेगावच्या पुलाखालची बाघ नदी कधी पाहिलेली नसेल, त्याच्या घरच्या बोलीत एका आवाजात म्हणाली, *मी बोलत राह्यलो*. आजवर मागे ज्याचा नुसता घुमारा यायचा ते हे होतं. पवनने तोंड वर करून आरोळी ठोकली. ती लांबत गेली. ती थांबल्यावर तो पुन्हा हळू आवाजात म्हणाला,

*रावनवाडी आली म्हनलं, आये, आता पोचलोच*

जमाव परत म्हणाला. हिरालालच्या शेजारी, कठड्याच्या बाहेर, कानात बाळी घातलेला एक पोरगा डोळे मिटून म्हणत होता. त्याला सगळे शब्द पाठ होते. इथे सगळ्यांना ते पाठ होते. हिरालालने त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं आणि मग खाली, खुंटांकडे. आपल्या डोळ्यांना पाणी येईल असं त्याला वाटलं. ते आलं नाही. फक्त भाजलेला तळवा आता चुरचुरायला लागला होता. कठड्याचं थंड लोखंड त्याने त्याच हाताने आणखी घट्ट धरलं.

गाणं संपलं. श्रुतिकाने त्याच्याकडे वळून पाहिलं आणि त्याच्या हातातला गार झालेला चहा काढून घेतला.

*

स्टेजच्या मागे सामानाच्या काळ्या पेट्या पडल्या होत्या. पवन त्यातल्या एका पेटीवर बसून बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतत होता. बापाला येताना पाहून तो उठायला लागला. हिरालालने हातानेच त्याला बस म्हटलं. स्वतः मात्र तो उभा राहिला.

"पुलाच्या आधीच?" त्याने विचारलं.

पवनने बाटलीचं झाकण लावलं. "हौ."

"मंग पुढं तू एकटाच..."

"डायवर होता ना."

"त्याले तं सांगतलं नाही तू."

"सांगतलं असतं तं त्यानं गाडी फिरवली असती, बाबा. मले वाटलं, पोचून जाऊ. डाक्टरनं पाह्यलं म्हंजे..." त्याने वाक्य सोडून दिलं. केसांतून पाणी टपकत होतं. "मंग तुमी आले तवा तुमच्या अंगावर लगनातला गुलाल होता. तुमाले काय सांगू?"

पलीकडे पुढच्या बँडची पोरं सामान लावत होती. कोणीतरी ढोलावर एकेक ठोका मारून बघत होतं.

"इतके वर्स झाले," हिरालाल म्हणाला. "काहून नाही सांगतलं?"

पवनने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"दर साली तं सांगतो, बाबा. तुमी तिथं डब्ब्यायच्या मागंच बसून रायता."

हिरालालने रुमाल काढला, पवनच्या डोक्यावर ठेवला आणि दोनदा पुसल्यासारखं केलं. तो लहान असताना नदीवरून आल्यावर तुळसाबाई पुसायची तितक्या जोराने नव्हे. मग रुमाल तसाच त्याच्या डोक्यावर सोडून तो पेटीच्या कडेला टेकला.

"भिजले नाही," तो म्हणाला.

"काय?"

"डब्बे. आभाळ आलतं तिकडंही. म्या ताडपत्री टाकून देली होती. दोन थेंब आले अन् गेलं."

हे तो पवनकडे बघून बोलला नाही. समोरच्या शेताकडे बघून, कोणीतरी घरून विचारलं असावं आणि आपण उत्तर द्यायचं राहून गेलं असावं, तसं तो बोलला. पवनने रुमाल डोक्यावरून ओढून चेहऱ्यावर घेतला आणि तो बराच वेळ तिथेच धरून ठेवला.

स्टेजवर पुढच्या बँडने तारा जुळवायला घेतल्या. एक कर्कश आवाज आला आणि बंद झाला. आणखी थोड्या वेळात इथे कोणाचं काही कोणाला ऐकू येणार नव्हतं. हिरालालने खिशातला कापूस चाचपला आणि तो तिथेच राहू दिला. पेटीवर तो सरकून पोराच्या अगदी जवळ बसला, खांद्याला खांदा लागेल इतका, आणि मान त्याच्या तोंडाकडे झुकवली.

"घरून निघाले तवापासून सांग," तो म्हणाला.